आंबोलीच्या पावसाळी जंगलात रात्रीची फेरी: तारखा, टॉर्च आणि गाईडची पारख

प्रश्न थोडक्यात असा: जुलैमधल्या एका शनिवार-रविवारी पाच जण आंबोलीला जाणार आहेत. बरोबर दहा वर्षांची मुलगी आणि पासष्टीचे वडील. स्थानिक गाईडबरोबर रात्रीची जंगलफेरी करायची आहे. किती चालावं लागतं, काय न्यावं, सापांचं किती भय बाळगावं आणि गाईड चांगला हे कसं ओळखावं?

चालण्याची काळजी सगळ्यात आधी सोडा. नीट घेतलेल्या फेरीत दोन-अडीच तासांत पाचशे ते आठशे मीटरच अंतर होतं. कोणी 'चार किलोमीटरचा नाईट ट्रेल' म्हणून सांगत असेल, तर तो ट्रेक आहे. त्यात घाम निघेल, दिसणार फारसं काही नाही. पासष्टीच्या माणसाला इथे दम लागत नाही, गुडघे मात्र बोलतात, कारण वेळ चालण्यात जातो त्याहून जास्त उभं राहण्यात आणि वाकण्यात जातो. घडीचं छोटं स्टूल आणि हातात काठी असली की निभावतं. काठी टेकायलाच वापरायची, पानं बाजूला सारायला नाही. दहा वर्षांच्या मुलीला दीड तास पुरे. त्यानंतर मुलं पेंगतात आणि पाय घासत चालायला लागतात, आणि पावसाळ्यात पायाखाली काय असतं ते पुढे येतंच.

आता तारीख. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. विषुववृत्ताजवळच्या वर्षावनात बारा महिने ओल असते. आपल्याकडे चार महिने धो-धो आणि मग महिनोन् महिने कोरडं. त्यामुळे अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचं हे जंगल एकच असलं तरी रात्र महिन्यागणिक बदलते. मुहूर्त चुकला तर उत्तम गाईडही हतबल.

जूनच्या सुरुवातीचे पाऊस पडले की जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, आंबोली टोडची लगबग सुरू होते. या छोट्या भेकाचं शास्त्रीय वर्णन २००९ साली झालं. जगात तो एवढ्याच छोट्या टापूत सापडतो आणि अतिसंकटग्रस्त गणला जातो. सड्यावरच्या उथळ डबक्यांत त्याची वीण मोजके दिवस चालते. मध्येच पाऊस थांबला तर डबकं आटतं आणि अंडी जातात. सड्यावर साचलेल्या बोटभर पाण्यातून चालायचं नाही, ते यासाठी. हा नियम सगळ्यांनाच जाचक वाटतो, पण तो वाटाघाटीचा नाही.

जुलै हा आवाजाचा महिना. ओढ्याकाठी, विहिरीवर, अगदी हॉटेलच्या मागच्या टाकीवरही मलबारी उडता बेडूक जोड्या जमवताना दिसतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्या फेसाच्या घरट्यात अंडी घालते. काही दिवसांनी पिल्लं खालच्या पाण्यात टपटप पडतात. पांढरा फेस फांदीवर दिसला की खाली उभं राहू नका आणि त्यावर प्रकाशझोत खिळवून ठेवू नका. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस सुसह्य होतो, साप जास्त दिसतात, आणि रस्ताभर नखाएवढी बेडूकपिल्लं असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला, त्यातून मूल बरोबर असेल तर, ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा जुलैपेक्षा बरा. जुलैच ठरला असेल तर निदान शनिवारची रात्र टाळा. धबधब्याची गर्दी, घाटातल्या गाड्या आणि मोठ्याने वाजणारी गाणी यांत बेडकाचा आवाज कसा ऐकू येणार? रविवारी रात्री गाव रिकामं होतं. सोमवारी सकाळी परत निघता आलं तर तेच करा.

अमावास्या-पौर्णिमा पाहून तारीख काढणारे भेटतात. पावसाळ्यात ढगांमुळे त्याचा हिशेब जवळजवळ उरत नाही. ऑक्टोबरनंतर आकाश मोकळं झालं की मात्र काळोखी रात्र निवडावी. पावसात पाहायचं ते त्या संध्याकाळचं हवामान. मुसळधार चालू असेल तर पानांवरच्या पाण्याच्या आवाजात काहीच कळत नाही. सर ओसरून भुरभुर चालू आहे, वारा पडला आहे, अशी रात्र सर्वांत चांगली. म्हणून निघण्याची वेळ घड्याळाला बांधू नका. साडेसातला तयार राहा, जेवण हलकं करा आणि गाईड म्हणेल तेव्हा निघा. आठ ते साडेदहा हा काळ बहुधा पुरतो.

टॉर्चबद्दल जरा सविस्तर, कारण फेरी फसते ती बहुतेक वेळा उजेडामुळे.

प्रत्येकाकडे स्वतःचा हेडलॅम्प हवा. मोबाईलचा दिवा चालणार नाही. दोनशे-तीनशे ल्यूमेन भरपूर झाले, फक्त त्यात मंद प्रकाशाची पायरी आणि शक्य तर लाल दिवा असावा. पावसाचे शिंतोडे सोसणारा हवा. खोक्यावर आयपीएक्स-४ किंवा त्यापुढचा आकडा पाहा. जास्तीचे सेल कोरड्या पिशवीत. लांबवर फेकणारा एकच झोत गटात पुरतो आणि तो गाईडच्या हातात असावा.

दिवा कपाळावर का, तर डोळ्यांची चमक बघण्यासाठी. पुष्कळ निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो, तो आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतो. तुमचा दिवा डोळ्यांच्या रेषेत असेल तरच तो परतलेला ठिपका तुम्हाला दिसतो. कमरेजवळ धरलेल्या टॉर्चमध्ये हरवतो. गवतात हिरवट-पांढरे टिकल्यांसारखे ठिपके दिसले की ते बहुधा लांडगा कोळ्याचे डोळे. दवाच्या थेंबाशी गल्लत होते. डोकं जरा हलवलं की थेंब रंग बदलतो, विझतो, पुन्हा पेटतो, कोळ्याचा ठिपका मात्र स्थिर राहतो. रस्त्यावर तांबडा निखारा पडल्यासारखा दिसला तर रातवा पक्षी बसलेला असतो. आणि जमिनीपासून चार-पाच फुटांवर, एकमेकांपासून बरंच अंतर राखून दोन मोठे दिवे दिसले तर तो गवा. तिथे कुतूहल आवरायचं, झोत खाली घ्यायचा आणि आल्या वाटेने सावकाश मागे सरायचं. आंबोलीच्या रात्रीत खरा धोका वाटावा असे प्राणी गवा आणि अस्वल; सापाचा नंबर त्यांच्यानंतर.

धुकं उतरलं की सगळं उलटतं. कपाळावरचा दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो. तेव्हा हेडलॅम्प काढून हातात, मांडीजवळ धरायचा आणि जमिनीलगत मारायचा. पाखरं तोंडावर यायला लागली तरी हाच उपाय.

लाल दिव्याचं हल्ली फार कौतुक होतं. थांबून ऐकताना, वाट बघताना तो उत्तम. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या दिव्याचा एक लखलखाट ती कमाई घालवतो. पण पायवाटेवर केवळ लाल दिव्यावर चालू नये, कारण त्यात हिरवं-तपकिरी वेगळं कळत नाही आणि फांदीवरचा चापडा साप फांदीच वाटतो. लाल दिव्यावर चालायचं ते फक्त डांबरी रस्त्यावर.

रांग अशी लावा: गाईड, एक मोठा माणूस, मुलगी, मग वडील, आणि शेवटी ज्याचा तोल आणि नजर चांगली तो. दोघांत हातभर अंतर, गाईडने जिथे पाऊल टाकलं तिथेच पाऊल. शेवटच्या माणसाकडे दुर्लक्ष होतं, पण बेडूक चिरडले जातात ते बहुधा रांगेच्या मागच्या भागात, कारण पुढचे थांबून बघत असतात आणि मागचे बाजूला सरकतात. बाजूला सरकण्याआधी पायाशी उजेड, ही सवय पहिल्या पाच मिनिटांत लावावी लागते. कोणाला काही दिसलं तर ओरडायचं नाही. 'थांबा' म्हणायचं आणि प्राण्याच्या शेजारच्या पानावर झोत गोल फिरवायचा, थेट अंगावर नाही.

झाडाच्या खोडाला, कठड्याला, दरडीच्या दगडाला न बघता हात लावायचा नाही. शेवाळावर घसरून माणूस सहजपणे जे पकडतो, नेमक्या त्याच उंचीवर मलबारी चापडा बसलेला असतो.

या चापड्याबद्दल थोडं. आंबोलीत तो बऱ्यापैकी दिसतो, आणि हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी अशा इतक्या रंगांत की एकाच जातीचा आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. नाकपुडी आणि डोळ्याच्या मधल्या खळग्याने तो उष्णता ओळखतो आणि दबा धरून बसतो. कित्येक रात्री जागा सोडत नाही. गाईडला 'आज तिथे असेल' हे म्हणूनच ठाऊक असतं; त्यात जादू नाही. दीड मीटर अंतर राखलं तर त्याच्यापासून धोका जवळजवळ शून्य, कारण तो आपल्या मागे येत नाही आणि त्याची झेप अंगाच्या लांबीहून कमी पडते. पण त्याची जागा ठरलेली असल्यामुळे एका सापासमोर एका रात्रीत चार-पाच गट उभे राहतात. प्रत्येकाने दोन मिनिटांत पुढे सरकणं एवढं सौजन्य तर दाखवावं.

चावलाच तर? या चापड्याच्या दंशाने तीव्र वेदना आणि सूज येते, मृत्यू क्वचितच. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. चापड्यावर त्याचा भरवसा नाही, म्हणून उपचार लक्षणांवर होतात. पण सिंधुदुर्गात फुरसंही आहे, घोणसही, मण्यारही. अंधारात कोण चावलं हे ठरवत बसू नका. माणसाला बसवा, अंगठ्या-घड्याळ-बूट काढा, चावलेला भाग लाकडी पट्टीने हलणार नाही असा ठेवा, १०८ ला फोन करा आणि गाडीने निघा. दोरी आवळणं, चिरा देणं, चोखणं यांतलं काहीही नाही. साप पकडून न्यायचा नाही. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठ्या उपचारांसाठी सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय. मध्ये घाट आहे आणि धुक्यात तो तासभर घेऊ शकतो. म्हणून गाडी कुठे उभी आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि चालवणारा शुद्धीत आहे ना, हे फेरीआधीच पाहा. शेवटचा मुद्दा गमतीत लिहिलेला नाही.

गाईडची पारख करायला फोनवर चार प्रश्न पुरतात. एका गाईडमागे किती माणसं? सहा ठीक, आठ ही हद्द. त्यापुढे मागच्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसते. वाट कुठली आणि परवानगी कशी? राखीव वनात रात्री परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. फेऱ्या बहुतेक रस्त्याकडेला, गावातल्या वाटांवर, खासगी जमिनीत होतात आणि बघायला तेवढं पुष्कळ असतं. 'आत' नेतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. तिसरा प्रश्न, पाऊस कोसळला तर काय? 'थांबू, नाहीतर उद्या जाऊ' हे योग्य उत्तर. चौथा, साप दिसेलच का? हमी देणारा गाईड टाळा. हमी पाळण्यासाठी साप आधी धरून ठेवावा लागतो किंवा काठीने खाली ओढावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा गुन्हा आहे, आणि दबा धरून बसलेल्या सापाची जागा मोडली की त्याची शिकारही मोडते. फोटोसाठी बेडूक उचलून स्वच्छ पानावर ठेवणारेही याच माळेचे मणी. उलट, चांगला गाईड वाटेत बराच वेळ गप्प असतो. तो कान देऊन उभा असतो.

ते कान देणं तुम्हालाही जमेल. झुडपी बेडूक दोन-अडीच सेंटीमीटरचे असतात आणि 'टिक-टिक' आवाज एवढा मोठा की दहा पावलांवर आहे की एका, कळत नाही. जवळ गेलं की गप्प. सगळे दिवे बंद करून तीन ते पाच मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहा, तो पुन्हा सुरू होतो. मग दोघांनी चार-पाच पावलांच्या अंतरावरून आवाजाच्या दिशेने हात दाखवायचे; दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे मंद दिवा. मुलांना या खेळाचं वेड लागतं. या गटातल्या पुष्कळ जातींत पाण्यातली डिंभावस्थाच नसते, अंड्यातून थेट इवलासा बेडूक निघतो, त्यामुळे ते ओढ्यापासून लांब झुडपांतही सापडतात. ओढ्याकाठी रातबेडूक वेगळीच तऱ्हा दाखवतात: अंडी पाण्यावर लोंबणाऱ्या पानांवर, आणि नर जवळच बसून. बॉम्बे नाईट फ्रॉग या रातबेडकाच्या मिलनाची जगावेगळी पद्धत २०१६ साली प्रसिद्ध झाली, तीही अशाच रात्री ओढ्याकाठी बसून नोंदवलेल्या निरीक्षणांतून. जमिनीवर गांडुळासारखं काही चमकदार सरकताना दिसलं तर नीट पाहा, ते देवगांडूळ असू शकतं: बिनपायांचा उभयचर. त्याची एक जात आंबोलीवरूनच २००३ साली वर्णिली गेली.

अंगावर काय घालायचं? पूर्ण बाह्यांचा, लवकर सुकणारा, मळकट रंगाचा सदरा आणि पँट. जीन्स भिजली की दगड होते. पायात गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट आणि आत जाड मोजे. तळव्याच्या खाचा खोल आहेत ना हे घेताना बघा. बाजारातले गुळगुळीत तळव्याचे गमबूट जांभ्यावरच्या शेवाळावर अक्षरशः बर्फासारखे घसरतात. सळसळणारा प्लॅस्टिकचा रेनकोट आवाज गिळतो. साधी छत्री बरी, कॅमेऱ्यावरही धरता येते. रस्त्याकडेने चालणार असाल तर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट हवंच. धुक्यात ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही.

जळवांचा बाऊ फार होतो. जळूचा मोजा म्हणजे घट्ट विणीचा, गुडघ्यापर्यंतचा, पँटवरून ओढून बांधायचा; गमबुटात पँट खोचली तरी बरंचसं काम होतं. चिकटलीच तर नखाने किंवा कार्डाने तिच्या बारीक तोंडाकडून सरकवा, मग दुसरं टोक. जखम बराच वेळ भळभळते, कारण तिच्या लाळेत रक्त न गोठू देणारं द्रव्य असतं. दाबून धरा, थांबतं. मिठाच्या पुरचुंड्या घेऊन रस्ताभर शिंपडत जाणारे दिसतात, ते करू नका. बेडकाची कातडी पाणी-क्षार शोषते, मीठ तिला जाळतं. कीटकनाशक फवारे आणि मलमंही तशीच घातक. लावायचंच असेल तर कपड्यांवर, आणि हात त्यापासून दूर. पायाला उघडी जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात गेलात तर चिंता गोचिडांची: त्यांच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाने २०१६ साली सिंधुदुर्गात डोकं वर काढलं, आणि त्याचा हंगाम कोरड्या महिन्यांचा आहे.

फोटोंबद्दल दोनच गोष्टी. एसी खोलीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते आणि पहिला अर्धा तास वाया जातो, म्हणून निघण्याआधी तासभर तो बंद पिशवीत बाहेर ठेवा. आणि मोबाईलने काढणार असाल तर मोबाईलचा फ्लॅश बंद करून, दुसऱ्या कोणी बाजूने मंद टॉर्च धरावा. ओल्या कातडीवरचा पांढरा भपका जातो. एका प्राण्याचे पाच-सहा फोटो झाले की पुरे.

सलग काही दिवस पाऊस झाला असेल तर गाईडला चमकणाऱ्या बुरशीबद्दल विचारा. कुजक्या लाकडावर ती असते. सगळे दिवे, मोबाईल, घड्याळाचा पडदासुद्धा बंद करून पंधरा-वीस मिनिटं बसावं लागतं. इंटरनेटवरच्या हिरव्यागार चित्रांची अपेक्षा ठेवू नका. ती अनेक सेकंद कॅमेरा उघडा ठेवून मिळवलेली असतात. उघड्या डोळ्यांना फिकट, राखाडी धूसर चमक दिसते. मुलीला हे आधी सांगितलं नाही तर ती हिरमुसेल, सांगितलं तर तीच पहिली शोधेल. विंचू बघण्यासाठी अतिनील टॉर्च नेतात. दरडींच्या भेगांत विंचू निळसर-हिरवा पेटतो, मजा येते, पण झोत काही सेकंदच, आणि कोणाच्याही डोळ्यांवर नाही.

परतल्यावर खोलीच्या दाराबाहेरच मोजे उलटे करून झटका, काखा, कंबर, गुडघ्यामागची घडी तपासा. गमबुटांच्या खाचांतला चिखल तिथेच ब्रशने काढा आणि बूट पुरते वाळू द्या. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात नोंदली गेली आहे, ती ओल्या चिखलातून एका ओढ्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. आंबोलीहून पुढे तिलारीला किंवा गोव्यातल्या म्हादईच्या जंगलात जाणार असाल आणि बूट वाळले नसतील, तर तिकडे दुसरा जोड घाला.